कोडीचं पायथन ॲडऑन: हत्यारं कोणती आणि गाडी कुठे अडते

सोलापुरातल्या एखाद्या मंडळाकडे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचं दहा-बारा वर्षांचं चित्रीकरण एका हार्डडिस्कवर पडून असतं आणि ते हॉलमधल्या टीव्हीवर बघायचं असतं. तेवढंच काम असेल तर कोडी या व्हिडिओ-गाणी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ॲडऑन, म्हणजे जादा सोय देणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला बसूच नका. कोडीत तो फोल्डर व्हिडिओ सोर्स म्हणून जोडा, दोन मिनिटांत काम होतं.

ॲडऑन लागतं ते यादी नुसत्या फोल्डरमधून येत नसेल तेव्हा. आधी वर्ष निवडायचं, मग तैलाभिषेक, अक्षता, होम, दारूकाम असं विधीवार बघायचं. माहिती कुठल्यातरी सर्व्हरवरच्या जेसन (माहिती मांडायचा एक साधा मजकूर-प्रकार) फाइलमधून यायची. आणि घरात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडच्या पेठेत तेलुगू म्हणून नावं तिन्ही भाषांत हवीत. पुढे हेच उदाहरण धरलं आहे. ॲडऑनचा आयडी धरू प्लगइन.व्हिडिओ.गड्डा. फाइलींची आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत. आयडी पूर्ण लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

आधी आवृत्ती ठरवा

कोडीचं जुनं नाव एक्सबीएमसी. २०१४ मध्ये १४ व्या आवृत्तीपासून नाव बदललं, पण पायथन मॉड्यूलची नावं आजही एक्सबीएमसी, एक्सबीएमसी-जीयूआय, एक्सबीएमसी-प्लगइन, एक्सबीएमसी-ॲडऑन आणि एक्सबीएमसी-व्हीएफएस अशीच आहेत. खरी फट पडली ती १९ व्या आवृत्तीत, म्हणजे फेब्रुवारी २०२१ च्या मॅट्रिक्समध्ये. तिथून पायथन २ गेला आणि पायथन ३ आला. नेटवर सापडणारे अर्धे नमुने त्याआधीचे आहेत. ते जसेच्या तसे उचलले की तीन ठिकाणी हमखास ठेच लागते. लॉग-नोटीस ही पातळी मॅट्रिक्समध्ये काढून टाकली, तिच्या जागी लॉग-इन्फो वापरायचं. ट्रान्सलेट-पाथ हे फंक्शन एक्सबीएमसीमधून एक्सबीएमसी-व्हीएफएसमध्ये गेलं. १९ मध्ये जुनं नाव चालून जायचं, २० व्या नेक्ससमध्ये ते उडालं. आणि सेट-इन्फो नेक्ससपासून जुनाट ठरवलं आहे. ते अजून चालतं, पण लॉग इशाऱ्यांनी भरून टाकतं. त्याऐवजी गेट-व्हिडिओ-इन्फो-टॅगने टॅग घ्या आणि सेट-टायटल, सेट-प्लॉट, सेट-इयर असे एकेक गुण भरा. २०२४ ची २१ वी आवृत्ती ओमेगा हातात असेल तर तीच धरून लिहा.

लॅपटॉपवरची मांडणी

ॲडऑन थेट टीव्हीच्या बॉक्सवर लिहून तपासू नका. रिमोटने चुका शोधण्यात दिवस जातो. लॅपटॉपवर कामापुरता वेगळा कोडी ठेवा. विंडोजवर कोडीच्या अधिकृत साइटचा इन्स्टॉलर घ्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या कोडीचं डेटा फोल्डर भलतीकडे, खोल कुठेतरी असतं. इन्स्टॉल करताना प्रोग्रॅम फाइल्सऐवजी डी ड्राइव्हवर साधं फोल्डर द्या, आणि शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी जागा सोडून उणे पी लिहा. आता कोडी पोर्टेबल मोडमध्ये उघडतो आणि सगळं काही त्याच जागी पोर्टेबल-डेटा नावाच्या फोल्डरात ठेवतो. बिघडलं तर ते फोल्डर उडवा, कोडी कोरा करकरीत. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ही युक्ती फसते, कारण तिथे लिहायची परवानगीच नसते.

कोड लिहायला व्हीएस कोड किंवा पायचार्म, जे हाताला बसेल ते. त्यांना एक्सबीएमसी-जीयूआय वगैरे मॉड्यूल माहीत नसतात, सगळीकडे लाल रेघा दिसतात. त्यासाठी पिपने (पायथनच्या लायब्ररी उतरवणारी आज्ञा) कोडीस्टब्स, म्हणजे त्या मॉड्यूलचे नुसते सांगाडे, बसवा. आवृत्तीचा पहिला आकडा तुमच्या कोडीचाच घ्या: कोडी २१ असेल तर स्टब्सही २१. मग फंक्शनचे आर्ग्युमेंट, त्यांचे प्रकार आणि माहिती लिहितालिहिता समोर येते. एवढं लक्षात असू द्या की स्टब्स ही पोकळ खोकी आहेत. टर्मिनलमधून फाइल चालवली तर इम्पोर्ट होईल, चूक येणार नाही, पण घडणार काहीच नाही. तारखा लावणं, यादी गाळणं, जेसन वाचणं असा कोडीशी संबंध नसलेला भाग वेगळ्या फाइलीत ठेवला, तर तो मात्र इथेच नीट तपासता येतो.

प्रोजेक्टचं फोल्डर दर वेळी कोडीच्या ॲडऑन्स फोल्डरात कॉपी करत बसू नका, जोडणी करा. लिनक्सवर एलएन उणे एस, विंडोजवर एमके-लिंक स्लॅश जे. अशी हाताने ठेवलेली ॲडऑन्स कोडी आपणहून चालू करत नाही. कोडी बंद करून उघडा, माय ॲडऑन्समध्ये जा, ते सापडेल, एनेबल दाबा. हे एकदाच. यापुढे पायथन फाइल बदलली की मेनूतून बाहेर येऊन परत आत गेलं की पुरे, कारण प्रत्येक क्लिकला ॲडऑन नव्याने चालतं. ॲडऑन.एक्सएमएल बदललं तर मात्र कोडीला सांगावं लागतं: एकतर कोडी बंद-चालू करा, नाहीतर अपडेट-लोकल-ॲडऑन्स ही आज्ञा द्या. लिनक्सवर कोडी-सेंड हे छोटं पॅकेज बसवलं की ती टर्मिनलवरून देता येते.

"बदल केला, सेव्ह केलं, तरी जुनंच दिसतंय" याची दोन कारणं असतात. एंड-ऑफ-डिरेक्टरीचं कॅश-टू-डिस्क हे आर्ग्युमेंट काही न सांगता खरं असतं, त्यामुळे मागे आल्यावर कोडी जुनी यादी दाखवू शकतो. काम चालू असेपर्यंत ते खोटं ठेवा. दुसरं, कुठून तरी उचललेल्या ॲडऑन.एक्सएमएलमध्ये रियूज-लँग्वेज-इन्व्होकर खरं करून ठेवलेलं असतं. त्याने ॲडऑन झपाझप उघडतं, पण पायथन मेमरीत तसाच राहतो आणि इम्पोर्ट केलेली मॉड्यूल जुनीच वापरली जातात. ही सोय सगळ्यात शेवटी लावा.

ॲडऑन.एक्सएमएल

ही फाइल म्हणजे कोडीच्या दारावरचा शिपाई. इथे अडलं की पायथनपर्यंत कोणी पोचतच नाही. सुरुवातीच्या ॲडऑन टॅगमध्ये आयडी, नाव, आवृत्ती आणि प्रोव्हायडर-नेम. मग रिक्वायर्समध्ये एक्सबीएमसी.पायथनची आवृत्ती: मॅट्रिक्सपासून पुढे चालवायचं तर ३.०.० लिहा. इथे २.२५.० राहून गेलं, म्हणजे नमुना पायथन २ च्या काळातला होता, की १९ किंवा त्यापुढचा कोडी ॲडऑन बसवूच देत नाही. त्याखाली एक्सटेन्शन पॉइंट एक्सबीएमसी.पायथन.प्लगइन-सोर्स, लायब्ररी मेन.पीवाय, आणि प्रोव्हाइड्समध्ये व्हिडिओ. हा प्रोव्हाइड्स विसरला तर ॲडऑन बसतं खरं, पण व्हिडिओ ॲडऑन्सच्या यादीत दिसत नाही आणि शोधाशोध होते. शेवटी मेटाडेटा: सारांश, वर्णन, लायसन्स, प्लॅटफॉर्म आणि चित्रं. आयकॉन पीएनजी, ५१२ बाय ५१२, पारदर्शक भाग नको. फॅनआर्ट १९२० बाय १०८० चालेल.

वर्णनात "होम & दारूकाम" असं लिहिलं की एक्सएमएल तुटतं. ते चिन्ह एक्सएमएलच्या रीतीने लिहा, नाहीतर सरळ "आणि" लिहा. पहिल्या ओळीआधी रिकामी ओळही नको.

रिक्वायर्समध्ये आणखी एक गोष्ट येते आणि तिथे पुष्कळ जण फसतात. विंडोज आणि अँड्रॉइडवर कोडी स्वतःचा पायथन घेऊन येतो. लिनक्सवर बहुतेकदा सिस्टिमचा वापरतो. त्यामुळे उबुंटूच्या लॅपटॉपवर पिपने बसवलेली रिक्वेस्ट्स लायब्ररी कोडीलाही सापडते, सगळं छान चालतं, आणि टीव्हीवर गेल्यावर मॉड्यूल-नॉट-फाउंड. कोडीतल्या लायब्ररी पिपने येत नाहीत, त्या स्क्रिप्ट.मॉड्यूलने सुरू होणाऱ्या ॲडऑनच्या रूपात येतात. रिक्वायर्समध्ये स्क्रिप्ट.मॉड्यूल.रिक्वेस्ट्स लिहा, म्हणजे झिप बसवताना कोडी तेही उतरवून घेतो.

पायथन आणि कोडी जिथे भेटतात

पायथन येणाऱ्यालाही इथेच घाम फुटतो. कोडी तुमची फाइल चालवतो तेव्हा सिस.आर्गव्हीमध्ये तीन कामाच्या गोष्टी देतो. शून्यावर ॲडऑनचा पत्ता, म्हणजे प्लगइन:// ने सुरू होणारा. एकवर हँडल, एक आकडा. तो मजकूर म्हणून येतो, इंट करून घ्या. दोनवर प्रश्नचिन्हाने सुरू होणारी क्वेरी. पहिलं अक्षर वगळून ती पार्स-क्यूएसएलला द्या. पत्ता बनवताना युआरएल-एनकोड वापरा, जोडाजोड हाताने करू नका. "विधी=अक्षता" असं थेट चिकटवलं तर कधी चालेल, कधी अर्धवट तुटेल, आणि चूक पुढच्याच पानावर दिसेल.

प्रत्येक ओळीसाठी एक लिस्ट-आयटम, मग ॲड-डिरेक्टरी-आयटम, आणि सगळ्यात शेवटी एंड-ऑफ-डिरेक्टरी. हे शेवटचं राहिलं की यादी नीट उघडत नाही. मध्येच रिटर्न करून बाहेर पडणारी एखादी वाट असते, "यादी रिकामी असेल तर परत जा" अशी, आणि तिथे ते राहतं. रिकाम्या यादीलाही एंड-ऑफ-डिरेक्टरी द्यायचीच. बिघाड झाला असेल तर सक्सीडेड खोटं करून.

चालवायच्या ओळीला इज-प्लेएबल हा गुण ट्रू असा मजकूर म्हणून द्या, पायथनचा ट्रू नको. इज-फोल्डर खोटं. आणि क्लिक झाल्यावर सेट-रिझॉल्व्ह्ड-युआरएलने खरा पत्ता परत करा. इज-प्लेएबल न लावता सेट-रिझॉल्व्ह्ड-युआरएल वापरलं तर हँडल उणे एक येतं आणि लॉगमध्ये अवैध हँडलची तक्रार पडते. हा निरोप दिसला की पहिल्यांदा तो गुण तपासा.

वर्षांचा क्रम तुम्ही लावला तसाच ठेवायचा असेल तर ॲड-सॉर्ट-मेथडने अनसॉर्टेड पद्धत आधी जोडा, बाकीच्या नंतर. आधी जोडलेली पद्धत कोडी मूळ धरतो.

रिक्वेस्ट्सच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट द्या, दहा सेकंद पुरे. न दिल्यास नेट गेलं की ॲडऑन बराच वेळ लटकून राहतं आणि माणूस टीव्हीचा प्लग काढतो.

लॉग वाचायची सवय

पडद्यावर "अधिक माहितीसाठी लॉग बघा" एवढंच येतं. म्हणून लॉग कुठे आहे हे आधी पाठ करा. विंडोजवर ॲपडेटाच्या रोमिंगमधल्या कोडी फोल्डरात कोडी.लॉग, पोर्टेबल असेल तर पोर्टेबल-डेटात. लिनक्सवर घरच्या फोल्डरात टिंब-कोडी, त्यात टेम्प. अँड्रॉइडवर अँड्रॉइड, डेटा, ऑर्ग.एक्सबीएमसी.कोडी, फाइल्स, टिंब-कोडी, टेम्प अशी वाट. कोडी परत सुरू झाला की चालू लॉगचं नाव कोडी.ओल्ड.लॉग होतं आणि त्याआधीचा जातो. क्रॅश झाल्यावर दोनदा उघडझाप केली तर पुरावा गेला.

लॉगमध्ये "एक्सेप्शन थ्रोन" हे शब्द शोधा. त्याखाली पायथनची चूक नेहमीच्या पद्धतीने छापलेली असते: फाइल, ओळ क्रमांक, कारण. वाचायला सुरुवात शेवटच्या ओळीपासून करा. तिच्या वर सगळ्यात जवळ असलेली, तुमच्या स्वतःच्या फोल्डरातली ओळ हीच बहुधा दुखरी जागा.

स्वतःची नोंद करताना एक्सबीएमसी.लॉगला पातळी द्यायला विसरू नका. १७ व्या आवृत्तीपासून पातळी दिली नाही तर नोंद डिबग पातळीवर जाते, आणि डिबग लॉगिंग बंद असेल तर ती दिसतच नाही. मग "माझी ओळ चालतच नाहीये" असा भास होतो. लॉग-इन्फो द्या. नोंदीच्या सुरुवातीला आयडी लिहा, म्हणजे हजारो ओळींतून गाळून काढता येते. पहिल्याच नोंदीत ॲडऑनची आवृत्ती आणि सिस.व्हर्जन छापलं तर टीव्हीवर नेमकं कुठलं ॲडऑन आणि कुठला पायथन चालू आहे यावर वाद उरत नाही.

विंडोजवरची एक खास मराठी अडचण. मराठी मजकुराची जेसन फाइल ओपनने उघडली आणि एन्कोडिंग दिलं नाही, तर विंडोज आपलं जुनं कोडपेज लावतं आणि "चारमॅप कोडेक" अशी चूक येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चूक न येता अक्षरांचा काला होतो. लिनक्सवर हेच सुरळीत चालतं. प्रत्येक ओपनला एन्कोडिंग युटीएफ-८ असं स्पष्ट लिहा.

डिबगर आणि पोर्टची टक्कर

लॉगने भागलं नाही तर वेब-पीडीबी, म्हणजे कोड ओळीओळीने थांबवून ब्राउझरमधून तपासणारा डिबगर. कोडीच्या अधिकृत रिपॉझिटरीत (ॲडऑन्सच्या भांडारात) स्क्रिप्ट.मॉड्यूल.वेब-पीडीबी नावाने आहे. ते बसवा, रिक्वायर्समध्ये जोडा, आणि हव्या त्या ओळीवर वेब-पीडीबी इम्पोर्ट करून सेट-ट्रेस बोलवा. ॲडऑन तिथे थांबतं. कोडीत चक्र फिरत राहतं ते बरोबरच आहे. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पोर्ट ५५५५ उघडलं की कोड, व्हेरिएबल आणि खाली पीडीबीची आज्ञा-ओळ दिसते. एन म्हणजे पुढची ओळ, एस म्हणजे फंक्शनच्या आत, सी म्हणजे सोडून द्या. टीव्हीच्या बॉक्सवर चाललेलं ॲडऑनही लॅपटॉपच्या ब्राउझरमधून असंच तपासता येतं, फक्त लोकलहोस्टच्या जागी बॉक्सचा आयपी.

मात्र अँड्रॉइड बॉक्सवर वाय-फायवरून एडीबी (लॅपटॉपवरून अँड्रॉइडला आज्ञा द्यायची सोय) चालू केलेलं असेल तर तेही ५५५५ च पोर्ट धरून बसतं. दोघांची टक्कर होते आणि वेब-पीडीबी सुरूच होत नाही. सेट-ट्रेसला दुसरं पोर्ट द्या, ५५६६ किंवा काहीही मोकळं.

रिमोट न वापरता तपासणी

सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेस, कंट्रोल, तिथे एचटीटीपीवरून नियंत्रणाला परवानगी द्या. पासवर्ड ठेवा. मूळ पोर्ट ८०८०. जावाच्या प्रॅक्टिकलसाठी लॅपटॉपवर टॉमकॅट हा वेब सर्व्हर बसवलेला असेल तर तोही ८०८० वरच असतो. इंजिनिअरिंगच्या पोरांनी आधी ते पाहावं आणि कोडीला ८०८१ द्यावं.

आता कर्लने (टर्मिनलवरून वेब-विनंती पाठवणारी आज्ञा) कोडीच्या जेसन-आरपीसी या बाहेरून आज्ञा घेणाऱ्या पत्त्यावर पोस्ट पाठवा: मेथड फाइल्स.गेट-डिरेक्टरी, डिरेक्टरीत प्लगइन://प्लगइन.व्हिडिओ.गड्डा/ आणि मीडिया व्हिडिओ. हेडरमध्ये कंटेंट-टाइप ॲप्लिकेशन/जेसन. उत्तरात तुमच्या मेनूची प्रत्येक ओळ नाव आणि पत्त्यासकट येते. तो पत्ता परत पाठवला की पुढचं पान. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून सगळी पानं अशी फिरवून घेतली तर कुठल्या वर्षाची यादी रिकामी आहे, कुठे चूक फेकली जातेय, हे सोफ्यावर न बसता कळतं. एवढं उपयोगी हत्यार असून फार कमी जण वापरतात.

तीन भाषा

कोडीची रीत अशी: रिसोर्सेस, लँग्वेज, त्यात रिसोर्स.लँग्वेज.ईएन_जीबी आणि तसंच एमआर_आयएन, केएन_आयएन, टीई_आयएन. प्रत्येकात स्ट्रिंग्ज.पीओ ही भाषांतराची फाइल. क्रमांक ३०००० ते ३०९९९ मधले. इंग्रजी फाइलीत एमएसजी-आयडी भरलेलं आणि एमएसजी-एसटीआर रिकामं. मराठीत तेच एमएसजी-आयडी अक्षरशः तसंच, आणि एमएसजी-एसटीआरमध्ये मराठी.

पण कोडी यातली भाषा निवडतो ती स्वतःच्या भाषेवरून. आपल्याकडे बहुतेक घरांत कोडी इंग्रजीतच ठेवलेला असतो, म्हणजे मेहनतीने लिहिलेली मराठी पीओ फाइल कोणाला दिसणारच नाही. म्हणून विधींची नावं डेटातच तिन्ही भाषांत ठेवा आणि ॲडऑनच्या सेटिंगमध्ये भाषेचा पर्याय द्या. पीओ फाइल सेटिंगच्या लेबलांपुरती.

मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर दोष तुमच्या कोडचा नाही, स्किनच्या (कोडीच्या पडद्यावरच्या रूपाच्या) फॉन्टचा आहे. सेटिंग्ज, इंटरफेस, स्किन, तिथे फॉन्ट एरियल करून बघा. "नंदीध्वज", "सम्मती कट्टा" यांसारखे जोडाक्षरांचे शब्द खऱ्या टीव्हीवर आधी पाहून घ्या, लॅपटॉपवर नीट दिसले म्हणून गाफील राहू नका.

झिप आणि चेकर

झिप करण्याआधी पिपने कोडी-ॲडऑन-चेकर बसवा आणि ॲडऑनच्या बाहेरच्या फोल्डरातून ब्रांच ओमेगा देऊन चालवा. फोल्डरचं नाव आणि आयडी जुळतात का, चित्रांचे आकार, पीओ फाइलींची रचना, राहिलेल्या नको त्या फाइली, सगळं तो सांगतो. लाल ओळी दुरुस्त केल्याशिवाय अधिकृत रिपॉझिटरीकडे पाठवण्यात अर्थ नाही, कारण तिथेही हाच चेकर चालतो. वेब-पीडीबीची ओळ तेवढी आठवणीने काढा.

झिपच्या आत सगळ्यात वर एकच फोल्डर हवा आणि त्याचं नाव आयडीच हवं. फोल्डरच्या आत जाऊन सगळ्या फाइली निवडून झिप केली तर कोडी "रचना बरोबर नाही" म्हणून नाकारतो. गिटहबच्या डाउनलोड बटणाने मिळालेल्या झिपमध्ये फोल्डरच्या नावामागे उणे मेन लागलेलं असतं, तीही तशीच बसवू नका. सगळ्यात बिनघोर उपाय म्हणजे गिट आर्काइव्ह: फॉरमॅट झिप, प्रीफिक्समध्ये आयडी आणि शेवटी स्लॅश. तो स्लॅश विसरला तर फोल्डर बनतच नाही, प्रत्येक फाइलीच्या नावाला आयडी चिकटतो. आणि कमिट न केलेला बदल यात येत नाही.

टीव्हीवर नेताना

झिप पेनड्राइव्हवर घ्या, कोडीत अननोन सोर्सेस चालू करा, इन्स्टॉल फ्रॉम झिप. दर वेळी आवृत्तीचा आकडा वाढवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन्ही यंत्रं जोडली असतील आणि लॅपटॉपला बॉक्स दिसत नसेल तर काही फोन जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. साधा राउटर लावा.

चित्रीकरण लॅपटॉपवरून पुरवण्यासाठी पायथनचा एचटीटीपी.सर्व्हर वापरला तर व्हिडिओ सुरू होतो, पण पुढे सरकवता येत नाही. अक्षता सोहळ्याच्या दोन तासांच्या फितीत नेमका क्षण गाठायचा तर पंचाईत. कारण हा छोटा सर्व्हर रेंज विनंती, म्हणजे "अमुक बाइटपासून पुढचं दे" ही मागणी, समजतच नाही. एनजिनएक्स किंवा अपाची लावा. ॲडऑनमध्ये एक अक्षरही न बदलता सरकवणं चालू होतं.